धंदा बंद करून परत लाँग रूटवर जायचंय? मग कुठून सुरुवात करायची ते

हे कोणासाठी आहे ते आधी सांगतो. ज्यांनी पूर्वी मोठी गाडी लांब पल्ल्यावर चालवलीय, मग ते सोडून स्वतःचं कायतरी चालू केलं, दुकान म्हणा, वर्कशॉप म्हणा, छोटी-मोठी कंत्राटं म्हणा, बरीच वर्षं तेच चाललं आणि आता या ना त्या कारणानं परत स्टेअरिंगवर बसायचंय, त्यांच्यासाठी. एकदम नवीन लोकांनाही यातलं बरंच कामाला येईल, पण डोक्यात परतणारा माणूस ठेवून लिहितोय, कारण माझ्या मते परतणारा ड्रायव्हर नवख्यापेक्षा जास्त धोक्यात असतो. नवखा घाबरलेला असतो, हळू जातो, आरसे पुन्हा पुन्हा बघतो. जुन्या माणसाचे हातपाय दोन-चार दिवसांत चालायला लागतात आणि त्याला वाटतं झालं, आलं सगळं परत. हात येतात हो परत, पटकन येतात. पण झोपेचं गणित, अंतराचा अंदाज आणि दुसऱ्याच्या टायमिंगवर काम करायची सवय यायला महिने जातात, आणि मधल्या काळात गाड्या बदलल्या, नियम बदलले ते वेगळंच.

म्हणून क्रम महत्त्वाचा. बहुतेक लोक आधी नोकरी शोधतात आणि बाकीचं नंतर बघू म्हणतात, मी उलटं सांगतो.

पायरी १: धंदा खरंच बंद करा

अर्धवट चालू ठेवून ट्रक चालवता येत नाही, हे पहिलं. "फोनवर सांभाळीन की" असं सगळ्यांना वाटतं. जुनं गिऱ्हाईक फोन करतं, कोणाचं बिल राहिलेलं असतं, कोणाला वॉरंटीत कायतरी दुरुस्त करून हवं असतं, आणि तुम्ही तेव्हा चाळीस टन घेऊन उतार उतरताय. तेव्हा तो धंद्याचा नंबर दुसऱ्या हँडसेटमध्ये टाकून घरी कोणाकडे तरी द्या, किंवा बंद करा. येणी वसूल करा, देणी लिहून काढा, टॅक्सच्या नोंदण्या रीतसर बंद करा किंवा शून्य रिटर्न भरत रहायची सोय लावा, कारण रस्त्यावर पंधरा दिवस असताना नोटीस आली तर उत्तर द्यायला कोणी नसतं.

आणि थोडे पैसे बाजूला ठेवा, दोन महिन्यांचा घरखर्च तरी. पगार पहिल्या दिवसापासून येत नाही, ट्रेनिंगचे दिवस कमी पैशात जातात, वाटेतला खर्च आधी खिशातून होतो. ज्याच्या खिशात काहीच नाही तो पहिली मिळेल ती नोकरी पकडतो आणि मिळेल त्या गाडीत बसतो, टायर गुळगुळीत असला तरी.

घरच्यांशी बोलणंही यातच येतं. धंद्यात कितीही ओढाताण असली तरी रात्री घरी असायचात. आता नसणार. आजारपण, शाळा, बँकेची सही, कोण काय बघणार हे आधी ठरवा, नाहीतर रात्री अकराला फोनवर भांडण आणि पहाटे चारला निघायचं, असं होतं.

पायरी २: कागद

कंटाळवाणं काम, पण सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो म्हणून लवकर लागा. लायसनची तारीख बघा, आणि फक्त तारीख नाही, कुठला वर्ग चालू आहे तेही बघा. बऱ्याच जणांचं साधं गाडीचं लायसन चालू असतं आणि जड वाहनाचं कधीच संपलेलं असतं. भारतात २०१९ च्या दुरुस्तीनंतर व्यावसायिक वाहनाचं लायसन ५ वर्षांसाठी मिळतं, आणि संपून एक वर्षाच्या वर गेलं तर नुसतं नूतनीकरण होत नाही, परत टेस्ट द्यावी लागते. युरोपात लायसनशिवाय ड्रायव्हरचं वेगळं पात्रतेचं कार्ड असतं आणि त्यासाठी दर ५ वर्षांत ३५ तासांचं ट्रेनिंग पूर्ण करावं लागतं. अमेरिकेत मेडिकल कार्ड, म्हणजे गाडी चालवायला तब्येत ठीक असल्याचा दाखला, जास्तीत जास्त २४ महिने चालतं. तुम्ही जिथे असाल तिथला नियम आजच्या तारखेला काय आहे ते सरकारी कार्यालयातून किंवा त्यांच्या साईटवरून बघा, जुन्या मित्राला विचारू नका, त्याला पाच वर्षांपूर्वीचा माहीत असतो.

धोकादायक मालाची किंवा टँकरची परवानगी पूर्वी असेल तर ती बहुधा संपलेलीच असणार. लगेच परत घ्यायची गरज नाही. पहिल्या वर्षात साधा माल बरा, अर्धा भरलेला टँकर ब्रेक मारल्यावर आतल्या लाटेनं पुढे कसा ढकलतो ते ज्यानं अनुभवलंय त्याला वेगळं सांगायला नको.

मधल्या वर्षांचा पुरावा हा परतणाऱ्यांचा खास प्रश्न. कंपनी विचारते, इतकी वर्षं काय करत होतात? अमेरिकेसारख्या ठिकाणी तर ड्रायव्हिंगच्या नोकऱ्यांचा १० वर्षांपर्यंतचा इतिहास अर्जात भरावा लागतो. स्वतःचा धंदा होता म्हणजे अनुभवपत्र देणारा मालक नाही. तेव्हा धंद्याची नोंदणी, टॅक्स रिटर्न, जुनी बिलं, एक-दोन पुरवठादारांची किंवा गिऱ्हाइकांची पत्रं अशी फाईल करून ठेवा. जुन्या ट्रान्सपोर्ट कंपनीकडून अनुभवाचं पत्र मिळालं तर सोनं, ती कंपनी अजून चालू आहे का ते मात्र आधी बघा. आणि ड्रायव्हिंग रेकॉर्ड स्वतः काढून वाचा. एखादा विसरलेला दंड किंवा न भरलेलं चलन इंटरव्ह्यूत समोरच्यानं काढण्यापेक्षा आपणच आधी मिटवलेलं बरं.

पायरी ३: शरीर, आणि मुख्य म्हणजे झोप

इथे जरा जास्त लिहिणार आहे, कारण लोक ही पायरी सरळ ओलांडून पुढे जातात.

मेडिकल करून घ्यायचंच असतं, पण फॉर्म भरण्यापुरतं करू नका. बीपी, शुगर, डोळे हे तर झालंच. चाळिशीनंतर जवळचं दिसणं कमी होतं हे सगळ्यांना माहीत असतं, पण रात्री समोरच्या दिव्यानं दिपल्यावर नजर सावरायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागतो हे लक्षात येत नाही. ते लक्षात येतं ते पहिल्या रात्रीच्या ट्रिपला, म्हणजे चुकीच्या ठिकाणी. डॉक्टरांना रात्रीच्या नजरेबद्दल मुद्दाम विचारा.

घोरता का? घरचे सांगतील. झोपेत श्वास अडकून अडकून येत असेल, मान जाड असेल, वजन वाढलेलं असेल, सकाळी उठल्यावरही थकल्यासारखं वाटत असेल तर स्लीप ॲप्नियाची तपासणी करून घ्या. आठ तास झोपून दुपारी स्टेअरिंगवर डोळे मिटतात त्यामागे बऱ्याचदा हेच असतं. उपचार आहे, मशीन लावून झोपायचं असतं, केबिनमध्येही चालतं. हे लपवणारे लोक बघितलेत, नोकरी जाईल म्हणून. उपचार घेऊन बरेच जण गाडी चालवतात, लपवून चालवणारा मात्र कधीतरी रस्त्याच्या खाली सापडतो.

आता थकव्याबद्दल. धंद्यात उशिरापर्यंत जागायची सवय लागलेली असते आणि माणूस ती ताकद समजतो. सलग १७ तास जागं राहिलं की माणसाची प्रतिक्रिया साधारण रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखी मंदावते, चोवीस तास जागं राहिलं तर ०.१० च्या आसपास, हे प्रयोगांतून दिसलेलं आहे. म्हणजे सकाळी सहाला उठलात, दिवसभर सामान आवरलं, बँकेत गेलात आणि रात्री अकराला गाडी काढलीत तर एक थेंब न घेता तुम्ही प्यायल्यासारखे चालवताय. डुलकी चार सेकंदांची लागली तर ८० च्या स्पीडला तेवढ्यात साधारण ९० मीटर जातात.

मध्यरात्रीनंतर २ ते पहाटे ६ आणि दुपारी २ ते ४ हे दोन पट्टे शरीराला सगळ्यात जड. किती का अनुभव असेना, त्यात बदल नाही. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे पहाटेच्या पट्ट्यात गाडी न चालवता येईल असं वेळापत्रक मागून घ्या, मिळेलच असं नाही, पण मागायला काय जातं. आणि झोप यायला लागली तर काच खाली करणं, गाणी मोठ्यानं लावणं, तोंडावर पाणी मारणं यातलं काहीही टिकत नाही, पाच-दहा मिनिटांत परत तेच. टिकतं ते एकच, सुरक्षित जागी गाडी लावून झोपणं. घाई असेल तर एक कॉफी पिऊन लगेच पंधरा-वीस मिनिटं आडवं व्हायचं, कॉफीचा असर व्हायलाही तेवढाच वेळ लागतो, उठता तेव्हा दोन्हीचा फायदा मिळतो. पण ही युक्ती तासा-दोन तासांपुरती आहे, रात्रभराची नाही.

नोकरी लागायच्या आधी महिनाभर ठरल्या वेळी झोपा-उठा, रोज चाला, कंबरेचे आणि पायांचे व्यायाम करा. आणि केबिनमधून उतरताना उडी मारू नका! हसू नका, परतणाऱ्यांचे घोटे आणि गुडघे इथेच जातात, विशीतली उडी पंचेचाळिशीत मारायला जातात. तोंड गाडीकडे, दोन हात एक पाय किंवा दोन पाय एक हात नेहमी टेकलेले, असं उतरायचं.

पायरी ४: तासांचा हिशोब नव्यानं शिका

पूर्वी वहीत तास लिहायचो आणि वहीत काय लिहायचं हे आपल्या हातात होतं. ते दिवस बऱ्याच ठिकाणी संपले. अमेरिकेत २०१७ च्या डिसेंबरपासून इलेक्ट्रॉनिक लॉग सक्तीचा झाला, युरोपात डिजिटल टॅकोग्राफ आहे, चाक फिरलं की नोंद होते.

नियम देशागणिक वेगळे. युरोपात दिवसाला ९ तास गाडी चालवायची, आठवड्यातून दोनदा १० पर्यंत, आणि साडेचार तासांनंतर ४५ मिनिटांचा ब्रेक, तो १५ आणि ३० असा तोडून घेता येतो. अमेरिकेत सलग १० तास विश्रांतीनंतर ११ तास चालवायला मिळतात, पण ते कामाला लागल्यापासून १४ तासांच्या आत संपवायचे. भारतात १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास सांगायचा, ५ तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती, पण २०२५ च्या नोव्हेंबरपासून त्याच्या जागी नवी कामगार संहिता आलीय. रस्त्यावर तो किती पाळला जायचा हे ज्याचं त्याला माहीत.

यातली खाच अशी की गाडी चालवणं आणि काम करणं ही दोन वेगळी खाती आहेत. लोडिंगला सहा तास थांबलात तर चालवायचे तास शिल्लक राहतात, पण अमेरिकेतलं ते १४ तासांचं घड्याळ चालूच असतं. युरोपात थांबून माल उतरवायला मदत केलीत तर ते विश्रांतीत धरत नाहीत, टॅकोग्राफवर हातोड्याच्या चिन्हावर टाकावं लागतं. स्वतःच्या धंद्यात आपण संपूर्ण दिवसाचा विचार करतो, काम संपलं की दिवस संपला. इथे दिवस घड्याळ संपवतं, काम अर्धं असलं तरी. त्यामुळे सकाळी निघतानाच संध्याकाळी कुठे थांबायचं, आणि ती जागा भरलेली असेल तर त्याआधीची कुठली, हे ठरवून निघायचं. शेवटच्या अर्ध्या तासात पार्किंग शोधणारा ड्रायव्हर नको तिथे, नको तशी गाडी लावतो.

पायरी ५: गाडी बदललीय

गिअरबॉक्सपासून सुरू करा. बऱ्याच नवीन गाड्यांना क्लच पेडलच नसतं, ऑटोमेटेड असते. सोपं वाटतं, पण चढावर ती नको तेव्हा गिअर बदलते, म्हणून मॅन्युअल मोड कुठे आहे ते पहिल्या दिवशी शोधा. काही ठिकाणी ऑटोमॅटिकवर टेस्ट दिली तर लायसनवर तशी मर्यादा पडते, हेही आधी बघा.

मग धुराचं प्रकरण. भारतात एप्रिल २०२० पासून बीएस-६ हा धुराचा नियम आला, बाकी देशांतही असेच नियम आहेत, त्यामुळे डिझेलच्या टाकीशेजारी अजून एक टाकी असते, डीईएफ किंवा ॲडब्लूची, म्हणजे धूर साफ करायला लागणाऱ्या द्रवाची. ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी. टोपण बहुतेक निळं असतं. ते डिझेलमध्ये गेलं किंवा डिझेल त्यात गेलं तर गाडी चालू करू नका, चावीसुद्धा फिरवू नका, मेकॅनिक बोलवा, खर्च फार मोठा असतो. ते उणे ११ डिग्रीला गोठतं, थंड भागात जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा. टाकी रिकामी झाली की इंजिनाची ताकद कमी होते, चढावर होते आणि मागे रांग लागते. सायलेन्सरमधला फिल्टर स्वतःला जाळून साफ करतो तेव्हा दिवा लागतो, एक्झॉस्ट प्रचंड तापतो, तेव्हा वाळक्या गवतावर गाडी लावायची नाही आणि शक्यतो ती प्रक्रिया मध्येच तोडायची नाही.

कॅमेरे असतात, बाहेर बघणारे आणि कित्येक ठिकाणी आत बघणारेही. ज्यानं इतकी वर्षं कोणाचं ऐकलं नाही त्याला हे फार टोचतं. टोचू दे. अपघातात चूक दुसऱ्याची होती हे सिद्ध करायला हाच कॅमेरा कामाला येतो. लेन सुटल्यावर वाजणारा अलार्म, आपोआप लागणारा ब्रेक, हे काय करतात आणि काय करत नाहीत ते मॅन्युअलमध्ये वाचा. हो, वाचा, पार्किंगमध्ये बसून.

पायरी ६: आधी रिकामी, मग भरलेली, मग रात्र, मग घाट

शक्य असेल तर ड्रायव्हिंग स्कूलचा किंवा कंपनीचा रिफ्रेशर घ्या, पैसे गेले तरी चालतील. क्रम शीर्षकात लिहिलाय तोच ठेवा.

आधी आवारात गाडी न हलवता ब्रेकच्या हवेची तपासणी. दाब पूर्ण भरू द्या, इंजिन बंद करा, ब्रेक दाबून धरा, काटा किती उतरतो ते बघा. मग ब्रेक पुन्हा पुन्हा दाबून हवा कमी करा, साधारण ४ बारच्या आसपास अलार्म वाजायला पाहिजे, आणि अजून खाली, साधारण ३ ते १.४ बारच्या मध्ये कुठेतरी स्प्रिंग ब्रेक (हवा गेली की स्प्रिंगच्या जोरानं लागणारा) आपोआप लागला पाहिजे. हे सगळं करायच्या आधी चाकांना ओट लावा, म्हणजे गाडी घरंगळू नये म्हणून ठोकळे. ट्रेलर असेल तर जोडल्यावर खाली वाकून, टॉर्च मारून लॉक बसलंय का ते डोळ्यांनी बघायचं आणि ट्रेलरचा ब्रेक लावून हळूच पुढे ओढून बघायचं. नुसत्या आवाजावर विश्वास ठेवायचा नाही.

रिव्हर्स भरपूर करा. रिव्हर्स सगळ्यात आधी जातो आणि सगळ्यात शेवटी येतो. शंका आली की उतरून मागे बघून या, कोणी हसलं तर हसू दे.

अंतराबद्दल. ९० च्या स्पीडला सेकंदाला २५ मीटर जातात, धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत माणसाचे दीड-दोन सेकंद जातातच, वर हवेच्या ब्रेकला पाइपातून पोचायला थोडा वेळ लागतो, त्यातच दहाएक मीटर जातात, आणि त्यानंतर गाडी थांबायला लागते. कार चालवून चालवून आपला डोळा कारच्या अंतराला बसलेला असतो, तो मोडायचाय. आणि रिकामी गाडी लवकर थांबते हा गैरसमज आहे, वजन नसलं की चाकांना पकड कमी, ती उसळते, ओल्या रस्त्यावर तर जास्तच.

घाट उतरणं. जुना नियम होता, ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर. नवीन इंजिनांत घर्षण कमी आणि ताकद जास्त, त्यामुळे ती वरच्या गिअरमध्ये चढून जातात, पण त्याच गिअरमध्ये उतरायला गेलात तर इंजिन धरत नाही. चढलात त्याच्याहून खालचा गिअर घ्या, आणि तो उतार सुरू व्हायच्या आधी घ्या, अर्ध्या उतारावर गिअर पडला नाही तर न्यूट्रलमध्ये अडकाल. इंजिन ब्रेक किंवा रिटार्डर (चाकांचे ब्रेक न वापरता गाडीचा वेग धरणारी यंत्रणा) असेल तर तोच मुख्य, पायाचा ब्रेक जोडीला. समजा त्या उतारासाठी ४० हा सुरक्षित स्पीड धरलात, तर ४० ला पोचल्यावर ब्रेक नीट दाबून ३२ पर्यंत आणायचा आणि पूर्ण सोडायचा, परत ४० झाला की परत. हलका हलका सतत पाय ठेवून उतरलात तर ड्रम तापतात आणि खाली पोचेपर्यंत ब्रेक उरत नाही. निसरड्या रस्त्यावर मात्र इंजिन ब्रेकही बंद ठेवा, विशेषतः रिकाम्या गाडीला, मागची चाकं सरकतात.

माल बांधणं विसरला असाल तर एक आकडा लक्षात ठेवा. जोरात ब्रेक मारल्यावर माल पुढे जायला बघतो तो जवळजवळ त्याच्या वजनाच्या ०.८ पट जोरानं, वळणावर बाजूला साधारण निम्म्या. म्हणजे १० टनाला पुढे ८ टनांची ओढ सहन होईल अशी बांधणी. अमेरिकेत नियमच आहे की पहिल्या ८० किलोमीटरच्या आत थांबून बांधणी बघायची आणि मग दर ३ तासांनी किंवा साधारण २४० किलोमीटरनी, जे आधी येईल ते. नियम कुठलाही असो, सवय चांगली आहे, कारण सुरुवातीच्या हादऱ्यांत माल बसतो आणि पट्टे सैल पडतात.

पायरी ७: आता नोकरी

इंटरव्ह्यूत धंदा का बंद केला हे सरळ सांगा. चालला नाही, किंवा कंटाळलो, किंवा घरात स्थिर पैसा हवा होता. गोष्टी रचू नका, समोरच्यालाही धंद्याचे हाल माहीत असतात. उलट हिशोब ठेवता येतो, गिऱ्हाइकाशी बोलता येतं, कागद सांभाळता येतात, हे तुमच्या बाजूचं आहे, ते सांगा.

मग तुम्ही विचारा. लोडिंगला थांबलो तर पैसे मिळतात का आणि किती तासांनंतर? घरी किती दिवसांनी? दंड झाला, गाडीच्या दोषामुळे झाला, तर कोण भरणार? नेहमी एकच गाडी मिळेल की आज ही उद्या ती? सुरुवातीला बरोबर कोणी अनुभवी असेल का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, थकलोय किंवा गाडीत दोष आहे म्हणून मी थांबलो तर काय होतं? या शेवटच्या प्रश्नाला समोरचा हसला किंवा "आमच्याकडे असं कोणी करत नाही" म्हणाला तर उठा. या नोकरीत मार्ग दुसरा ठरवतो, माल दुसरा ठरवतो, वेळ दुसरा ठरवतो, थांबायचं कधी एवढा एकच निर्णय ड्रायव्हरच्या हातात असतो आणि तो काढून घेणाऱ्याकडे काम करायचं नाही. ज्यानं स्वतःचा धंदा केलाय त्याला निर्णय घ्यायची सवय असते, तर ती इथे वापरा, रस्त्यावर साहेबाशी वाद घालण्यात नको.

ऑफिसात जे सांगतील ते ऐका आणि मग आवारात जाऊन ड्रायव्हरांशी बोला. उभ्या गाड्यांचे टायर बघा, दिवे बघा, केबिनमधली गादी बघा. कंपनी कशी आहे ते तिथेच कळतं.

पगाराचा हिशोब ट्रिपला किती किंवा किलोमीटरला किती यावर करू नका. घर सोडल्यापासून परत घरात पाय ठेवेपर्यंतचे सगळे तास मोजा, वाट बघण्याचे, दुरुस्तीचे, रांगेतले, त्यातून वाटेतला स्वतःचा खर्च वजा केलेल्या पैशाला भागा. किलोमीटरला जास्त देणारी पण दोन-दोन दिवस गेटवर उभी करणारी कंपनी या हिशोबात बऱ्याचदा मागे पडते.

पायरी ८: पहिल्या ट्रिपा

गाडीची उंची, रुंदी, एकूण वजन एका चिठ्ठीवर लिहून डोळ्यांसमोर चिकटवा. कारचं नॅव्हिगेशन कमी उंचीच्या पुलाखाली नेऊन सोडतं, ट्रकचं वापरा आणि तरी बोर्ड वाचा. शेवटचे दोन-तीन किलोमीटर आणि गेट कुठून आहे हे आधी फोन करून विचारा.

निघायच्या आधी दोन दिवस नीट झोपा. रोज निघताना गाडीभोवती फेरी, दर वेळी त्याच बाजूनं सुरू करून त्याच क्रमानं, म्हणजे कोणी मध्येच बोलावलं तर कुठे राहिलो ते कळतं. जे बिघडलेलं दिसेल ते लेखी द्या, फोटोसकट, तोंडी सांगितलेलं कोणाला आठवत नाही.

एकटेपणा येतो. धंद्यात दिवसभर माणसं असतात, इथे तासन्तास कोणी नसतं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात "हे काय करून बसलो" असं वाटतं. बहुतेकांना वाटतं. त्या आठवड्यात नोकरी सोडायचा निर्णय घेऊ नका, तीन महिने होऊ द्या.

पायरी ९: स्वतःची गाडी घ्यायची घाई

धंदा केलेल्या माणसाच्या डोक्यात हे येतंच, दुसऱ्याची गाडी का चालवायची, कर्ज काढू, स्वतःची घेऊ. येऊ द्या डोक्यात, पण निदान वर्षभर वहीत ठेवा. त्या वर्षात प्रत्येक ट्रिपचं लिहून ठेवा, डिझेल किती, टोल किती, टायर किती गेला, किती दिवस उभे राहिलात, आणि रिकामे किलोमीटर किती झाले. रिकामे किलोमीटर हा आकडा कोणी सांगत नाही आणि नफा त्यातच जातो. हप्ता, विमा आणि परवाने गाडी उभी असली तरी चालू असतात, डिझेल-टायर फक्त फिरल्यावर, तर दोन्ही वेगळ्या रकान्यात मांडा आणि महिन्यात दहा दिवस काम मिळालं नाही तर काय होतं ते करून बघा. आकडे जमले तरी भाडं देणारी पार्टी एकच असेल तर थांबा, दुसरी मिळेपर्यंत. आणि जुनी गाडी घेणार असाल तर सर्व्हिसची सगळी बिलं मागा, फिल्टर आणि डीईएफच्या सिस्टीमचं काम कधी झालंय ते बघा, आणि ती सिस्टीम कोणी काढून टाकलेली दिसली तर किंमत कितीही कमी असो, ती गाडी सोडून द्या.